मेजरसाहेबांच्या नकाशांना कोरडी जागा हवी

मा. संपादक,

गेल्या महिन्यात निधन वार्तांच्या पानावर चार ओळींची एक बातमी वाचली. फोंडा तालुक्यातील एक माजी लष्करी अधिकारी वृद्धापकाळाने वारले, त्यांच्या पश्चात मुलगी, जावई व नातवंडे असा परिवार आहे. बातमी खरी होती, पण अर्धीच होती. ते आर्किटेक्ट होते. फोंड्यात एका जिन्यावरच्या खोलीत बसून त्यांनी पस्तीस वर्षे घरे, प्राथमिक शाळा, देवळांच्या अग्रशाळा (भाविकांच्या उतरायच्या खोल्या) आणि ओहोळांवरचे साकव, म्हणजे छोटे पूल, आखले. त्यातली एकतीस वर्षे मी त्यांच्या हाताखाली ड्राफ्ट्समन होतो. कुटुंबाला प्रसिद्धी नको आहे, म्हणून नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना मेजरसाहेब म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

मूळ घर फोंड्याजवळच्या कवळ्याचे, वाढले गिरगावात. वडील मुंबईला नोकरीला होते. मेजरसाहेब जे. जे. मध्ये आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला असताना 1961 चा डिसेंबर आला आणि गोवा मुक्त झाला. काही आठवड्यांतच ते गावी आले. बोरीचा पूल पोर्तुगीजांनी माघार घेताना उडवून दिला होता. मडगावहून येताना होडीतून जुवारी ओलांडावी लागली. पाण्यात पडलेल्या त्या पुलाकडे बघत बसलो, एवढेच ते सांगायचे. पुढच्याच वर्षी चीनचे युद्ध झाले, तरुण पदवीधरांना सैन्यात घेऊ लागले, आणि हे हातातली पदवी घेऊन सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, भरती झाले. खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र, दापोडीला लष्करी इंजिनिअरिंगचे कॉलेज, असे त्यांचे ते दिवस गेले. घरच्यांना ते मुळीच पटले नव्हते.

1979 मध्ये आयटीआयचा दाखला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. पहिले तीन महिने त्यांनी मला नकाशाच काढू दिला नाही. सकाळी साइटवर न्यायचे, ओळंबा धरायला लावायचे, गवंड्याच्या हाताखाली जांभ्या दगडाचे चिरे उचलायला लावायचे. चिरा खाणीतून काढला की मऊ असतो, वारा लागला की कठीण होत जातो, हे मी कागदावर शिकलो असतो तर कधीच विसरलो असतो. ते मालकाला सांगायचे, चिरे आणून एक पावसाळा थप्पी लावून ठेवा, मग बांधकाम. मालक चिडायचे. काहींनी दुसरा आर्किटेक्टही धरला. यांनी मात्र आपला हेका सोडला नाही.

शिरोड्याच्या बाजूला एका घराची जागा बघायला गेलो होतो, तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. पाया आखण्याआधी त्यांनी जीपमधून चार फुटी लोखंडी सळई काढली. गुडघ्यावर बसले आणि ती जमिनीत सरळ न खुपसता तिरकी, जवळजवळ आडवी धरून हलके हलके सारू लागले. वीतभर सारायची, थांबायचे, बोटांनी अंदाज घ्यायचा, बाहेर काढायची, वीतभर पुढे सरकायचे. उन्हात तासभर हे चालले. मालकाच्या घरची मुले हसत होती. मी विचारले, "सर, सरळ का नाही मारत? लवकर होईल."

ते लगेच बोलले नाहीत. परतताना जीपमध्ये सांगितले. 1971 च्या डिसेंबरात ते पश्चिम आघाडीवर शकरगढ भागात होते. रणगाडे पुढे जायचे तर आधी सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढावी लागते. ती वाट सॅपर काढतो, रात्री, पोटावर पडून. सुरुंगाचे झाकण वर असते. सळई सरळ खुपसलीस तर ती झाकणावर पडते. तिरकी सारलीस तर सुरुंगाच्या कडेला लागते, आणि हाताला कळते. मोकळ्या झालेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी लावत जायचे. त्यांच्या तुकडीतला साताऱ्याकडचा एक जवान त्या वाटेवरून परत आला नाही. त्याच्या गावी ते दरवर्षी डिसेंबरात एसटीने जात. आम्हाला वाटायचे, साहेब कुठल्या तरी देवाला जातात.

त्या शिरोड्याच्या जागेत सळई एका ठिकाणी भसकन आत गेली. खणून पाहिले तर बुजवलेली जुनी विहीर निघाली. घर नऊ फूट मागे सरकवले. आज ते घर उभे आहे, भिंतीला एक चीर नाही. मालकाच्या नातवंडांना त्या सळईची गोष्ट ठाऊक नाही.

लोक म्हणत, साहेबांनी सैन्य सोडले आणि मग आर्किटेक्ट झाले. मला हे कधीच पटले नाही. त्यांचे घर आखणे आणि त्यांचे सैनिक असणे यांत मला फट दिसली नाही. सुट्या भागांतून जोडायचा लष्कराचा बेली पूल त्यांचा आवडता. त्याचे एक पॅनेल दहा फूट लांब असते आणि सहा माणसे ते उचलून नेतात. अख्खा पूल असा माणसांच्या हातांनी जोडत नदीवर सरकवतात. हाच हिशेब त्यांनी आमच्या डोंगरउतारावरच्या घरांना लावला. ट्रक वर चढत नाही ना, मग छपराचा कोणताही भाग दोन माणसांना पाखाडी चढून नेता आलाच पाहिजे. मी नकाशात छपराची मोठी कैची काढली की ते पेन्सिलीने खाली लिहायचे, "कोण उचलणार?" मग ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडून मी पुन्हा बसायचो.

दुसरे वेड पाण्याचे. कामाला लागल्याच्या पहिल्याच वर्षी त्यांनी मला आग्वाद किल्ल्यावर नेले. दीपगृह आणि समुद्र राहिला बाजूला, थेट पाण्याच्या टाकीपाशी. 1612 मध्ये किल्ला पुरा झाला, आणि या टाकीत 23,76,000 गॅलन पाणी मावते असे सांगतात. जहाजे इथे थांबून पाणी भरून घेत. साहेब टाकीच्या काठावर उभे राहून म्हणाले, तोफा नंतर, आधी पाणी. मग खाली बसून त्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. छप्पर 100 चौरस मीटरचे धरले तर त्यावर तीन लाख लिटर पाणी येते. ते पन्हाळीतून रस्त्यावर सोडायचे आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट बघत बसायचे? ऑफिसात कोणताही नवा नकाशा सुरू करताना ते कोकणीतून एकच वाक्य म्हणत, "उदक खंय वता तें पयलीं पळय." पाणी कुठे जाते ते आधी बघ. म्हणून त्यांच्या प्रत्येक नकाशात जोत्याच्या आधी निळ्या पेन्सिलीचे बाण आहेत. राजांगणातले, म्हणजे घरामधल्या चौकातले, पाणी कुठून जाईल, पोरसात (परसबागेत) कुठे मुरेल, विहिरीत किती येईल, सगळे. आता गावोगाव सपाट स्लॅब घालतात, तो चार वर्षांत गळू लागतो, मग त्यावर पत्रे चढवतात. साहेब उतरत्या कौलारू छपराचा आग्रह धरत तेव्हा लोक त्यांना जुनाट म्हणाले. मला त्याचा आजही राग येतो.

5 जुलै 1986 रोजी पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. बातमी कळताच त्यांनी ऑफिस बंद केले. भर पावसात आम्ही दोघे पणजीला गेलो आणि काठावर उभे राहिलो. ते एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घरी आले, हातात हातोडी. सत्तरी तालुक्यात एका वाड्यासाठी त्यांनी साकव बांधून दिला होता, पंधरा-सोळा पावलांचा, मुलांना शाळेत जायला. त्यासाठी पैसेही घेतले नव्हते. त्या साकवाचा प्रत्येक सांधा त्यांनी हातोडीने ठोकून पाहिला, आवाज ऐकला. ओहोळ दुथडी भरून वाहत होता. मी छत्री धरून होतो, पण साहेब पाण्यात मांडीपर्यंत उतरले आणि पायाच्या चिऱ्यांवरून हात फिरवत राहिले. दोन ठिकाणी माती धुऊन गेली होती. पाऊस ओसरल्यावर ती दुरुस्ती त्यांनी स्वतःच्या खर्चाने केली. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा म्हातारे वाटले.

संपादक महाशय, हे सगळे लिहिण्यामागे एक कारण आहे. ऑफिसची ती खोली आता मालकाला परत हवी आहे, आणि ते रास्तही आहे. मेजरसाहेबांची मुलगी परदेशी असते. तिने मला फोन करून सांगितले, काका, तुम्हाला जे वाटेल ते करा. मी खोली उघडली तेव्हा टी-स्क्वेअर भिंतीला तसाच टांगलेला होता, आणि अमोनिया प्रिंटचा तो डोळ्यांत जाणारा वास अजून येत होता, निदान मला तरी तसे वाटले. कपाटात नकाशांच्या 43 गुंडाळ्या निघाल्या. खालच्या चार वाळवीने खाल्ल्या होत्या. शिवाय साइटवरच्या सतरा वह्या आहेत. त्यांत कुठल्या गावात किती खोलीवर चिरा लागला, कुठे शेडी माती लागली, विहिरीला कोणत्या महिन्यात किती पाणी होते, हे सगळे तारखेनिशी आहे. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात गवंड्याचे आणि सुताराचे नाव पेन्सिलीने लिहिलेले आहे. असे करणारा दुसरा आर्किटेक्ट मी पाहिला नाही. त्या कारागिरांतले बहुतेक आज हयात नाहीत. त्यांची नावे दुसऱ्या कोणत्या कागदावर असतील असे मला वाटत नाही.

गोव्याचे पुराभिलेखागार 1595 पासूनचे आहे. चारशे वर्षांपूर्वीचे कागद आपण जपले, याचा मला अभिमान आहे. पणजीत आल्तिनोला आर्किटेक्चरचे कॉलेज आहे. तिथली मुले गोव्याची घरे मोजत फिरतात असे ऐकतो. यांपैकी कुठे, किंवा एखाद्या ग्रंथालयात, किंवा ज्याच्याकडे कोरडी खोली आणि बंद कपाट आहे अशा कोणत्याही संस्थेत या गुंडाळ्या ठेवून घेता येतील का, एवढीच माझी विचारणा आहे. मोबदला नको. फलक नको. कोणी बघायला आले तर कोणता नकाशा कुठल्या घराचा ते मी समोर बसून सांगेन. बहुतेक सगळे मला तोंडपाठ आहेत, पण मीही पासष्टीचा झालो.

सध्या गुंडाळ्या माझ्या माळ्यावर आहेत, आईच्या जुन्या लुगड्यांत बांधून, मध्ये कडुनिंबाचा पाला घालून. आमचे घर कौलारू आहे, पण माळ्याला दमट हवा लागतेच आणि पावसात ट्रेसिंग फुगते. मृग लागायच्या आत कोणी होय म्हटले तर टेम्पो मी करीन आणि स्वतः बसून आणून पोचवीन. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन
बांदोडा, फोंडा