दार उघडं ठेवून काढलेला फोटो

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोन कुणी उचलत नाही, म्हणून पत्र. ताई, आईचा चष्मा जाग्यावर नसला तर तूच वाचून दाखव. सावकाश वाच आणि मधलं काही गाळू नकोस.

लग्नात कुणीतरी मोबाईलवर माझा तो फोटो दाखवला आणि बाबा भरल्या पंगतीतून उठले, एवढं कानावर आलं. मोबाईलवर तो तळहाताएवढा दिसतो. तेवढ्यात दिसणार काय, तर पोरगं साडी नेसून उंबऱ्यात बसलंय. प्रदर्शनातला खरा फोटो तीन फूट रुंद, चार फूट उंच आहे. त्यात आधी सूप दिसतं.

आई, सूप तुझंच. एका कडेला तू निळ्या वायरनं बांधलेलं.

सहावीत होतो तेव्हापासून मी तुझ्याशेजारी बिड्या वळायला बसायचो. रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, त्यावर पत्र्याचा साचा ठेवून कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू, अंगठ्यानं वळायचं, नखानं तोंड मोडायचं, वर दोरा. पंचवीस झाल्या की एक कट्टा. शाळेच्या आधी माझ्या दीडशे, संध्याकाळी दीडशे. तुझ्या सातशेंत माझ्या तीनशे मिसळल्या तर कारखान्यात ओळखू यायच्या नाहीत, आणि मला त्याचा भारी गर्व होता.

मग गल्लीतल्या पोरांनी दारातून पाहिलं. "बायल्या" नाव पडलं ते दहावीपर्यंत. बाबा, तुम्ही रात्रपाळी करून आला होतात, केसांत मागावरचा कापूस तसाच. पोरांना हाकललंत आणि मला म्हणालात, "दार लावून घे बे." वळू नको म्हणाला नाहीत. कसं म्हणणार, त्या तीनशेवर किराणा चालायचा. तेव्हापासून मी दाराआड बसू लागलो, मे महिन्यातसुद्धा, पत्र्याखाली. आई मात्र उंबऱ्यातच बसायची, वाऱ्याला. काम एकच होतं. तिनं केलं तर रोजचंच, मी केलं तर लपवायचं. हे तेव्हा मला कुणी सांगून कळलं नसतं.

शिकायला बाहेर पडलो तेव्हा एक फोटो पाहिला. दक्षिण आफ्रिकेतल्या झानेले मुहोली यांचा, २०१५ सालचा. मुहोली स्वतःला बाई म्हणवत नाहीत की बुवा म्हणवत नाहीत, त्यामुळे मराठीत पंचाईत होते. 'त्यांनी' म्हटलं की भागतं. त्यांनी स्वतःचाच फोटो काढलाय. लांबून पाहिलं तर डोक्यावर राणीचा मुकुट वाटतो. जवळ गेलं की कळतं, ते दोरीवर कपडे अडकवायचे चिमटे आहेत. केसांत चिमटे, कानांत चिमटे. फोटोला नाव दिलंय बेस्टर, म्हणजे त्यांच्या आईचं नाव. बेस्टरबाईंनी गोऱ्यांच्या घरी चाळीस-बेचाळीस वर्षं धुणीभांडी केली. आई, तो फोटो पाहताना मला सूप आठवलं. दुसरं काही नाही.

अशी फोटो काढणारी माणसं पुष्कळ आहेत. बंगळूरच्या पुष्पमाला यांनी २००० ते २००४ या काळात फोटोग्राफर क्लेअर आर्नी यांच्याबरोबर फोटोंची एक मालिका केली. त्यात रविवर्म्याच्या चित्रातली लक्ष्मी त्या स्वतः झाल्यात. आपल्या देव्हाऱ्यावरच्या कॅलेंडरातली असते तशीच, कमळात उभी. फक्त तोंड एका खऱ्या बाईचं. ते बघून हसू येतं आणि मग आपण देवीकडे कसं बघतो अन् घरातल्या बाईकडे कसं बघतो, याचं जरा अवघड वाटायला लागतं. मला तरी वाटलं.

बाबा, तुम्ही म्हणाल, सूप दाखवायचं होतं तर पँट-शर्टात बसायचं. तसे आधी काढले, वीस-पंचवीस. एकही खरा वाटेना. फोटोसाठी बिड्या वळायला बसलेला पोरगा वाटत होतो, दुसरं काय. साडी नेसल्यावर बसणंच बदललं. ऐसपैस मांडी घालता येईना. पदर सुपात पडायचा, तो खांद्यानं सारखा मागं सारायचा, कारण हात रिकामे नसतात. रस्त्यानं कुणी गेलं की आपोआप गुडघे आवळले जायचे. दीड तासात पाठीला बाक आला. आईची पाठ वयानं वाकली असं आपण सगळे म्हणतो ना? मला आता ते पटत नाही.

पुरुषानं साडी नेसली म्हणून तुम्हाला लाज वाटली. आजी असती तर काय म्हणाली असती कोण जाणे. यल्लम्मा देवीला सोडलेला जोगता साडी नेसून, देवीचा जग, म्हणजे तिची मूर्ती ठेवलेली पाटी, डोक्यावर घेऊन दारात आला की ती पीठ वाढून त्याच्या पाया पडायची. बालगंधर्वांचं शालू नेसणं बघून चांगल्या घरच्या बायका आपलं नेसणं सुधारायच्या, हे तुम्हीच सांगितलंय. देवापुढं चालतं, नाटकात चालतं. मात्र जोगता गल्लीच्या तोंडाशी गेला की मागून खडे मारणारी पोरं आमचीच होती, त्यात मीही एकदा होतो. हे लिहायला मला चार दिवस लागले.

माझ्या लग्नाचं विचारता, त्यावर वेगळं पत्र लिहीन. ह्यात कोंबायचा विषय नाही तो.

आई, एका गोष्टीची मात्र माफी मागतो. तुझी ती मोहरी रंगाची इरकल न विचारता घेतली. मागच्या गड्ड्याच्या यात्रेला आलो होतो, तू माल जमा करायला कारखान्यात गेली होतीस, बाबा झोपले होते. कॅमेरा समोरच्या ओट्यावर ठेवला, बटण दाबून पळत येऊन बसायचो, दहा सेकंदांत. दार सताड उघडं ठेवलं होतं. समोरच्या काकूंनी पाहिलं, थांबल्या आणि म्हणाल्या, "नीऱ्या उलट्या खोचल्यास की रे." मग आत येऊन नीट करून दिल्या. ही गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगितली नसणार.

प्रदर्शन पुढच्या महिनाअखेरपर्यंत आहे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला या, संध्याकाळच्याच गाडीनं परत जाता येईल. बाबा, तुम्हाला आत यायचं नसेल तर बाहेर चहाची टपरी आहे, मी तुमच्याजवळ बसतो. आईला ताई आत नेईल.

आई, फोटोत माझ्या हातात एक बिडी आहे, नुकतीच तोंड मोडलेली. इतक्या वर्षांनी वळली. जवळ जाऊन नीट बघ आणि सांग, कारखान्यात घेतली असती का छाटात गेली असती.

तुमचा मुलगा