रात्री फोन उचलणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

एमडीचा निकाल लागला तेव्हा तुमच्या पाया पडले, पेढे दिले, युनिटचा फोटो झाला. जे सांगायचं होतं ते मात्र राहून गेलं. आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात सीनियर रेसिडेंट म्हणून रुजू झाले आहे आणि माझ्या हाताखाली जेआर-वनची, म्हणजे एमडीच्या पहिल्या वर्षाची मुलं आहेत. त्यांच्याकडे बघताना तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते रोज थोडं थोडं उलगडतं. हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहिते आहे, कारण मेडिसिनची रेसिडेन्सी (वॉर्डात काम करत एमडी शिकणं) म्हणजे काय हे मला माझ्या घरच्यांनाही धड सांगता आलेलं नाही.

मॅडम, तुम्ही रात्री फोन उचलत होतात. मला आभार मानायचे आहेत ते यासाठी.

बाहेरच्या माणसाला यात विशेष काय, असं वाटेल. पण नीट-पीजी देऊन आलेली मुलगी पहिल्या इमर्जन्सी डेला कॅज्युअल्टीत उभी राहते तेव्हा तिच्याकडे एमबीबीएसची डिग्री असते, इंटर्नशिपचा अनुभव असतो आणि समोर एकामागून एक स्ट्रेचर येत असतात. त्यात दम लागलेला म्हातारा असतो, साखर उतरून बेशुद्ध झालेली बाई असते, फवारणीचं औषध प्यायलेला तरुण असतो. सीनियरला उठवावं का, हा प्रश्न तेव्हा निदानापेक्षाही अवघड होऊन बसतो. ‘एवढंही कळत नाही का?’ हे ऐकावं लागेल म्हणून कितीतरी ज्युनियर फोन हातात घेऊन परत ठेवतात. तो अर्धा तास पेशंटच्या वाट्याचा असतो.

आमच्या युनिटमध्ये हे झालं नाही, कारण तुम्ही ते होऊ दिलं नाही. पहिल्याच आठवड्यात तुम्ही ड्यूटी रूमच्या कपाटावर स्वतःच्या अक्षरातला कागद चिकटवलात. श्वास मिनिटाला 30 च्या वर, वरचं बीपी 90 च्या खाली, शुद्धीत फरक, लघवी कमी, आणि शेवटची ओळ : ‘सिस्टर म्हणाल्या की हा पेशंट मला बरा दिसत नाही, तर लगेच मला फोन.’ वर्षानुवर्षं वॉर्ड सांभाळलेल्या सिस्टरच्या नजरेला तुम्ही बीपीच्या आकड्याशेजारी जागा दिलीत. त्या कागदामुळे फोन करणं हे आमचं कामच झालं, त्यात कमीपणा उरला नाही.

पावसाळ्यातली ती पहाट तुम्हालाही आठवत असेल. शेतावरच्या घरात जमिनीवर झोपलेला पोरगा, पोटात कळ आणि घसा दुखतो म्हणून आणलेला. अंगावर कुठे चावल्याची खूण नाही. मी फोन केला तेव्हा तुम्ही निदान सांगितलं नाहीत, प्रश्न विचारलेत. खाली झोपला होता का? पापण्या पूर्ण उघडतात का? उशीवरून मान उचलतो का? एका दमात किती आकडे मोजतो? चौथ्या प्रश्नापर्यंत माझ्याच तोंडून ‘मण्यार’ निघालं. मण्यार चावते तेव्हा अनेकदा दुखतही नाही, सूज नसते, खूण सापडत नाही. घोणशीसारखं रक्त बिघडत नाही, त्यामुळे काचेच्या नळीतलं 2 मिली रक्त 20 मिनिटांत व्यवस्थित गोठतं आणि नवखा डॉक्टर निर्धास्त होतो. तुम्ही म्हणालात, ‘अँटी-व्हेनम सुरू कर, ट्यूब तयार ठेव, मी निघालेच.’

तुम्ही आलात आणि माझ्या मागे उभ्या राहिलात. श्वासनळीत ट्यूब टाकायचा लॅरिंगोस्कोप माझ्याच हातात राहू दिलात. हात पुढे करून ट्यूब स्वतः टाकणं तुम्हाला किती सोपं होतं, हे आता मला कळतं. शिकणाऱ्याच्या मागे हात बांधून उभं राहणं, आणि तरी पेशंटचं नुकसान होईल त्याच्या एक क्षण आधी पुढे येण्याच्या तयारीत असणं, यासारखं अवघड काम मेडिसिनमध्ये दुसरं नाही असं माझं ठाम मत झालं आहे.

पुढे तो पोरगा व्हेंटिलेटरवर पूर्ण लुळा पडला. डोळे उघडेनात, बाहुल्या मोठ्या, हाक मारली तर प्रतिसाद नाही. नातेवाईक आशा सोडून बसले होते. तुम्ही राऊंडला त्याच्या कानाशी वाकून रोज तारीख सांगायचात, आई बाहेर आहे म्हणून सांगायचात आणि आम्हाला बजावायचात की विषाने याचे स्नायू बंद केलेत, मेंदू नाही. हा सगळं ऐकतोय, याच्या कॉटपाशी तोंड सांभाळून बोला. काही दिवसांनी त्याने बोट हलवलं आणि पुढे तो स्वतःच्या पायांनी घरी गेला.

ओपी पॉइझनिंगचंही, म्हणजे फवारणीच्या औषधाच्या विषबाधेचंही तसंच. त्यावरच्या अ‍ॅट्रोपिनचा डोस दर काही मिनिटांनी दुप्पट करत न्यायचा, हे पुस्तकात आहे. पण थांबायचं कधी, हे तुम्ही आमच्या कानांना शिकवलंत. बाहुल्यांवर विसंबू नका, छातीच्या तळाशी स्टेथो ठेवा, घरघर संपली का ऐका, मग पोटाचे आवाज ऐका, ते पार बंद झाले आणि पेशंट तापून बडबडायला लागला तर औषध जास्त झालंय. मध्यरात्री तुम्ही स्टूल ओढून आमच्यासोबत कॉटपाशी बसलात म्हणून ते डोक्यात राहिलं.

रेसिडेन्सीची चर्चा निघाली की ड्यूटीच्या तासांवर येऊन थांबते. ती व्हायलाच हवी. आपल्याकडे 1992 च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग 12 तास आणि आठवड्याला 48 तास अशी सर्वसाधारण मर्यादा लिहिलेली आहे, आणि वॉर्डात ती कुठे दिसते हे प्रत्येक रेसिडेंट जाणतो. न्यूयॉर्कमध्ये 1984 साली लिबी झायन ही 18 वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर, शिकाऊ डॉक्टरांच्या देखरेखीखाली असताना काही तासांत दगावली. त्यातून डॉ. बर्ट्रांड बेल यांची समिती नेमली गेली आणि 1989 पासून त्या राज्यात रेसिडेंटना आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली. सगळ्यांच्या लक्षात 80 चा आकडा राहिला. पण त्या समितीचा तितकाच जोर दुसऱ्या गोष्टीवर होता : शिकाऊ डॉक्टरच्या पाठीशी अनुभवी डॉक्टर प्रत्यक्ष हजर असला पाहिजे. मी हे वाचलं तेव्हा मला तुमचा पहाटेचा, गजरा विस्कटलेला चेहरा आठवला. तासांचा नियम सरकार करू शकतं. पण ज्युनियरचा फोन आला की कपाळाला आठी न घालता ‘बोल’ म्हणणारं माणूस कोणत्या परिपत्रकाने मिळणार?

जिल्हा रेसिडेन्सीच्या 3 महिन्यांत मी जिल्हा रुग्णालयात होते तेव्हाही तुम्ही तुमचा नंबर वापरू दिलात. तिथे विंचू चावलेलं एक लेकरू आलं, हातपाय गार, घामाने चिंब. प्राझोसिन हे औषध लिहिताना तुम्ही क्लिनिकमध्ये सांगितलेली गोष्ट आठवली, की जगाने मान्य केलेला हा उपचार महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्करांनी रात्र रात्र पेशंटजवळ बसून, नाडी-बीपी टिपत उभा केला. सरकारी नोकरीतल्या, आडगावातल्या डॉक्टरची निरीक्षणं ‘लॅन्सेट’सारख्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात जातात, हे तुम्ही आम्हाला फार अभिमानाने सांगायचात. तो अभिमान माझ्यातही उतरला आहे. खाजगी नोकरीचं बोलावणं असताना मी पुन्हा सरकारी कॉलेजात आले, त्यात त्याचा मोठा वाटा आहे.

थिसिसच्या वेळी केलेली मदत, परीक्षेआधी घेतलेल्या लाँग केसेस, माझे बाबा आजारी असताना बदलून दिलेल्या ड्यूट्या, याबद्दलही ऋणी आहे. त्यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

एक परवानगी मात्र हवी आहे. कपाटावरच्या त्या कागदाचा फोटो माझ्याकडे आहे. नवी बॅच रुजू होण्याआधी तो आमच्या एमआयसीयूत (मेडिसिनच्या अतिदक्षता विभागात), फोनच्या वर लावायचा विचार आहे. शेवटच्या ओळीत तुमच्या नंबरच्या जागी माझा नंबर लिहिते. चालेल ना, मॅडम?

तुमची विद्यार्थिनी