‘फॉरेन’चा माणूस घरातलाच निघाला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात सायबर फसवणुकीच्या बातम्या हल्ली रोजच असतात. किती लाख गेले ते कळतं, माणूस कुठल्या पेठेतला तेही कळतं. पण त्याला नेमकं काय दाखवून भ्यायला लावलं, ते एका ओळीत उरकलेलं असतं: ‘परदेशी आयपी ॲड्रेस दाखवून’. (आयपी ॲड्रेस म्हणजे नेटवर्कवरचा कंप्युटरचा आकडी पत्ता.) ही ओळ वाचली की माझं डोकं उठतं. पत्र लांबणार आहे. कात्री लावायची तर खुशाल लावा, पण मधल्या काळ्या खिडकीच्या गोष्टीला लावू नका.

मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं काढली. बहुतेक सगळी एक्स्चेंजमध्ये, तारांच्या आणि त्या जोडायच्या चौकटीच्या, म्हणजे फ्रेमच्या, संगतीत. निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीतले कंप्युटर बघून देतो. पैसे घेत नाही, चहा घेतो. आमचे एक दोस्त शाहू मार्केट यार्डात गुळाचे अडते आहेत. त्यांना आबा म्हणू. हंगामाच्या ऐन धांदलीत एका सकाळी साडेसातला त्यांचा फोन आला.

“तात्या, आधी हिकडं या. पट्ट्या निघंनात. आणि काल माझ्या कंप्युटरात बारा फॉरेनर घुसले होते.”

बारा? मी म्हटलं, मोजले कुणी?

गेलो. पेढीपुढं गुळाचे रवे रचलेले, बाकावर चार-पाच शेतकरी पट्टीची वाट बघत बसलेले. रात्री गाडी भरून आलेल्या माणसाला हातात पट्टी पडल्याशिवाय गावाकडं तोंड फिरवता येत नाही. वजन, दर, हमाली, तोलाई, हाती येणारी रक्कम, सगळं त्या कागदावर. आणि तो कागद छापणारं सॉफ्टवेअर ठप्प. पडद्यावर एकच ओळ: ‘लोकलहोस्ट रिफ्यूज्ड टू कनेक्ट’.

“म्हंजे आपलंच मशीन आपल्याला न्हाई म्हणतंय व्हय?” आबा म्हणाले. अडाणीपणानं विचारलेला प्रश्न, पण इतका नेमका की मला क्षणभर उत्तर सुचेना. अगदी तेच झालं होतं.

आदल्या दिवशी दुपारी त्यांना एक फोन आला होता. हिंदीत बोलणारा माणूस, आवाज एकदम साहेबी. तुमच्या कंप्युटरमधून परदेशात डेटा चाललाय, आत्ता दाखवतो. लांबून मशीन चालवता येईल असं एक ॲप त्यानं टाकून घेतलं. मग काळी खिडकी उघडली आणि कंप्युटरच्या चालू जोडण्यांची यादी दाखवणारी एक आज्ञा टाइप केली, नेटस्टॅट, पुढं डॅश एन. ओळींची रांग लागली. वर चार रकान्यांची नावं, त्यातलं तिसरं ‘फॉरेन ॲड्रेस’. त्या शब्दावर त्यानं माउसचा बाण नेऊन ठेवला आणि हलवलाच नाही. “ये देखो सेठजी, फॉरेन ॲड्रेस. बारह फॉरेनर अंदर बैठे हैं.” खाली १२७.०.०.१, १२७.०.०.१, १२७.०.०.१. आबांनी घाबरून मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला, म्हणून मला ते सगळं बघायला मिळालं. मग त्या माणसानं दोन-चार कळा दाबल्या, ती आज्ञा पुन्हा दिली, आणि बाराच्या बारा ओळी गायब! साडेआठ हजार रुपये. क्यूआर कोडवर गेले.

आता या ‘फॉरेन’चं सांगतो. त्या रकान्यात परदेशाचा काही संबंध नाही. जोडणीला दोन टोकं असतात. एक माझं, ते ‘लोकल’. दुसरं समोरचं, ते ‘फॉरेन’. समोरचं टोक न्यूयॉर्कला असो, नाहीतर लक्ष्मीपुरीत, नाहीतर त्याच खोक्यात, शब्द तोच. आणि १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे ‘त्याच खोक्यात’. कंप्युटरला स्वतःशी बोलायचं असेल तेव्हा वापरायला राखून ठेवलेला आकडा. जगातल्या प्रत्येक कंप्युटरवर तो असतो, आणि प्रत्येकावर त्याचा अर्थ एकच: मी स्वतः. लोकलहोस्ट हे त्याचंच नाव.

आबांच्या पट्टीच्या सॉफ्टवेअरचे दोन भाग आहेत. एक पट्टी दाखवतो, दुसरा हिशेबाचा डाटाबेस सांभाळतो. दोघं एकाच मशीनवर राहतात, पण बोलतात मात्र नेटवर्कवरून बोलावं तसे, पत्ता आणि पोर्ट (पत्त्यावरच्या दाराचा नंबर म्हणा) सांगून. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ते सोयीचं पडतं. उद्या डाटाबेस दुसऱ्या मशीनवर हलवला तर पत्ता बदलायचा, बाकी काम तसंच. फोटोतल्या ओळी मी भिंग लावून वाचल्या. एका ओळीत ३३०६ कडून ४९७१२ कडं, तर खालच्याच ओळीत ४९७१२ कडून ३३०६ कडं. ३३०६ हा त्या डाटाबेसचा नेहमीचा पोर्ट. दोन्ही टोकं एकाच घरात असल्यामुळं प्रत्येक जोडणी यादीत दोनदा येते, एकदा ह्या बाजूनं आणि एकदा त्या बाजूनं. म्हणजे बारा फॉरेनर नव्हतेच, सहा जोडण्या होत्या. चोरानं घरच्यांनाच मोजलं, तेही दोनदा.

आणि त्या गायब कशा झाल्या? त्यानं पट्टीच्या आणि डाटाबेसच्या दोन्ही सर्व्हिसेस, म्हणजे पडद्याआड चालणारे प्रोग्रॅम, बंद केल्या आणि पुन्हा चालू होऊ नयेत म्हणून ‘डिसेबल्ड’ करून ठेवल्या. बोलणारेच गप्प केले, मग ओळी दिसणार कुठून? साडेआठ हजार घेऊन त्यानं आबांचा स्वतःचाच धंदा बंद करून दिला. मी सर्व्हिसेसची यादी उघडली, दोन्ही परत ‘ऑटोमॅटिक’वर आणल्या, चालू केल्या. पहिली पट्टी छापली आणि बाकावरचा पहिला माणूस उठला.

पण आबांचा विश्वास बसेना. “तात्या, ते परत दिसाय लागलेत की!” खरंच, नेटस्टॅट दिल्यावर ओळी परत आल्या होत्या. म्हटलं, थांबा. उठलो आणि मशीनच्या पाठीमागची नेटची तार उपटून त्यांच्या हातात दिली. वायफाय त्या मशीनला नाहीच. मग टाइप केलं: पिंग १२७.०.०.१. चार हाका, चार उत्तरं, प्रत्येक एका मिलिसेकंदाच्या आत. तार हातात धरून आबा पडद्याकडं बघत राहिले. मग मी नेटस्टॅट पुन्हा दिलं, या खेपेला डॅश एन न लावता. डॅश एन लावला की नुसते आकडे दिसतात. काढला की ओळखीच्या आकड्यांच्या जागी नाव येतं. फॉरेन ॲड्रेसच्या रकान्यात त्यांच्याच कंप्युटरचं नाव आलं, जे कधीकाळी मीच ठेवलं होतं: पेढी-१. बाकावरचे शेतकरीही वाकून बघायला लागले. एकजण म्हणाला, “आबा, फॉरेनचा माणूस म्हंजे तुमीच की ओ!” पेढीत हशा पिकला. आबा तेवढे हसले नाहीत. साडेआठ हजार त्यांचे गेले होते.

मला ही गोष्ट पटकन समजते याचं कारण आमचं खातं. कोल्हापूर-गडहिंग्लजची दोन एमबीची लाइन बसली, म्हणजे एकावेळी ३० संभाषणं नेणारी, की दोन्हीकडचे लोक एकमेकांवर ढकलायचे. तुमच्याकडं बिघाड, नाही तुमच्याकडं. मग साहेब ओरडायचे, “लूप टाका!” पाठवायची जोडी आणि घ्यायची जोडी आपल्याच फ्रेमवर एकमेकींना जोडायची. आपण पाठवलेलं आपल्यालाच परत. लाल दिवा विझला तर आपली बाजू साफ, भानगड पुढं. कंप्युटरवाल्यांनी याला ‘लूपबॅक’ असंच नाव दिलंय. फरक एवढाच की आमच्या लूपमध्ये तांब्याची तार तरी असायची. यात तारही नाही आणि नेटवर्कचं कार्डही नाही. मशीनमधली नेटवर्क सांभाळणारी व्यवस्था पत्त्याचा पहिला आकडा १२७ बघते आणि निरोप तिथूनच वळवून आतल्या आत पोचवते. म्हणून पिंग १२७ चालतं म्हणजे कार्ड चांगलं आहे, असं सांगणारे रिपेअरवाले भेटले तर त्यांचंही ऐकू नका. कार्ड जळालेलं असलं तरी ते चालेल.

काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी आपल्यात म्हण आहे. हा आकडा त्या वळशाच्या विरुद्ध सोय आहे.

तो कुणी ठरवला? इंटरनेटचे आकडे वाटून देण्याची यादी त्या काळी अमेरिकेत जॉन पोस्टेल ठेवायचे. १९८१ सालच्या यादीत १२७ नुसता ‘राखीव’ आहे. मोठ्या नेटवर्कांसाठीच्या आकड्यांतला तो शेवटचा. नोव्हेंबर १९८६ च्या यादीत, जी त्यांनी जॉइस रेनॉल्ड्स यांच्याबरोबर केली, त्याच्यापुढं लूपबॅकचं काम लिहिलेलं आहे. आणि १९८९ च्या नियमांत स्पष्ट आहे की १२७ चा पत्ता मशीनच्या बाहेर दिसताच कामा नये. म्हणजे १२७.०.०.१ वरून परदेशातून कुणी आत येणं हे नियमातच बसत नाही. बाहेरच्या तारेवरून असा पत्ता लावून काही आलंच, तर ते टाकून द्यायचं असतं.

इथं एक खोड सांगितल्याशिवाय राहवत नाही. राखीव ठेवला तो एकच आकडा नाही, १२७ ने सुरू होणारे सगळे. १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख, त्याचा २५६ वा हिस्सा, नुसता स्वतःशी बोलायला! आबांना गंमत दाखवायची म्हणून, कोल्हापूरच्या गाड्यांचा नंबर एमएच ०९, त्या नऊवरून पिंग १२७.९.९.९ दिलं, तर त्यालाही पेढी-१ नंच उत्तर दिलं. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला उधळपट्टी लगेच ओळखू येते. त्यावेळी पत्ते संपतील असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या कोठारातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे वाटून झाले. नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीत मात्र शहाणपण आलंय. तिथं या कामाला एकच पत्ता आहे.

आता मला खरी चीड कशाची आली ते सांगतो. आबांचा डाटाबेस फक्त १२७.०.०.१ वर कान देऊन बसतो. शेजारच्या पेढीतल्या मशीनवरूनही त्याला हाक मारता येत नाही, मग परदेशातून कुठली? म्हणजे त्या यादीतल्या सगळ्यांत सुरक्षित ओळी त्यानं हॅकर म्हणून दाखवल्या. फोटोत बाहेरचे पत्तेही पाच होते. काही ब्राउझरचे, काही विंडोजच्या अपडेटचे, आणि एक त्याच ॲपचा, ज्यातून तो स्वतः आत शिरून माउस हलवत होता. त्या ओळीवर त्यानं बाण नेला नाही.

म्हणून संपादक महोदय, आपल्या गुन्हेवृत्ताच्या वार्ताहरांना एवढंच सांगा: ‘परदेशी आयपी ॲड्रेस’ लिहिण्याआधी आकडा कुठला ते विचारावं. १२७ ने सुरू होत असेल तर बातमीत तसं छापावं, की तो फसलेल्या माणसाचाच कंप्युटर होता. गूळ मार्केटात, उद्यमनगरात, राजारामपुरीत असे हजारभर कंप्युटर असतील, आणि त्या प्रत्येकावर काळ्या खिडकीत ‘फॉरेन ॲड्रेस’ लिहून येणार आहे.

आबांनी त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. ते ॲप मी काढून टाकलं, बँकेचे पासवर्ड त्यांच्या मुलाकडून दुसऱ्या मशीनवर बदलून घेतले. पैसे अजून परत आलेले नाहीत.

मी पेढीवर असतानाच साडेदहाला तो पुन्हा फोनवर. तीन वर्षांचं ‘प्रोटेक्शन’ घ्या म्हणत होता. आबांनी फोन माझ्याकडं दिला. मी विचारलं, हॅकर का पता क्या है? त्यानं अंकामागून अंक नीट सांगितला, १२७.०.०.१. म्हटलं, “भाईसाब, वो तो आपके कंप्युटर में भी बैठा है, देखो जरा.”

थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली, मग फोन कट झाला.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी
मंगळवार पेठ, कोल्हापूर