शनिवारवाड्यातील हाक आणि दुपारची वेळ

शनिवार पेठ, पुणे

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र पोहोचले. तुझा भाचा पुण्यात येणार असून त्याला अमावास्येच्या रात्री शनिवारवाड्याच्या तटाशी उभे राहून ‘काका, मला वाचवा’ ही नारायणराव पेशव्यांची आरोळी ऐकायची आहे, आणि वाड्याला लागून राहणारा माणूस या नात्याने मी त्याची सोय करावी, अशी तुझी आज्ञा आहे. त्याचबरोबर तू मला सरळ विचारले आहेस की इतकी वर्षे या पेठेत काढून मी स्वतः ती आरोळी कधी ऐकली आहे काय. नाही, ऐकलेली नाही. वाड्यासमोरच्या रस्त्यावर मध्यरात्रीसुद्धा रिक्षा आणि मोटारसायकली इतक्या असतात की एखाद्या जिवंत माणसाने तटावरून साद घातली तरी ती खाली पोहोचणार नाही. परंतु एवढ्यावर पत्र संपवावे असे मला वाटत नाही, कारण या दंतकथेतील भूत खरे की खोटे यापेक्षा या कथेने मूळ घटनेत काय काय बदलून टाकले आहे, हा प्रश्न मला कितीतरी वर्षे सतावत आला आहे.

भाच्याने पाठवलेल्या झपाटलेल्या ठिकाणांच्या यादीत राजस्थानातले भानगढ व कुलधरा आणि आपला शनिवारवाडा एका ओळीत बसवले आहेत, आणि तिन्ही ठिकाणी ‘सूर्यास्तानंतर प्रवेशबंदी’ हाच भुताचा मोठा पुरावा मानला आहे. भानगढच्या दाराशी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची तशी पाटी आहे हे खरे. पण बहुतेक सर्व संरक्षित स्मारके संध्याकाळी बंदच होतात, आणि शनिवारवाडाही त्यांपैकीच एक आहे. शिवाय याच वाड्याच्या आवारात काळोख पडल्यावर प्रकाश आणि ध्वनीचा कार्यक्रम होत आला आहे आणि लोक तिकीट काढून तेथे बसलेले आहेत. तेव्हा पाटीचा पुरावा सोडून द्यावा हे बरे.

आता मूळ घटनेकडे येतो. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले आणि धाकटे बंधू नारायणराव यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. चुलते रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब यांना पुढच्या वर्षी शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवण्यात आले. म्हणजे सत्ता ज्याच्या हाती होती तो पुतण्या आणि ती ज्याला हवी होती तो चुलता एकाच वाड्यात, काही चौकांच्या अंतराने राहत होते. वाड्याच्या पहाऱ्यावर गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई होते, त्यांच्या पगाराची कुरकुर चालू होती, आणि दादासाहेबांच्या पक्षाने ती कुरकुर आपल्या कामाला लावली. ३० ऑगस्ट १७७३, म्हणजे शके १६९५, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीच्या दिवशी सुमेरसिंग, महंमद इसफ आणि खरकसिंग हे गारद्यांचे सरदार आपली माणसे घेऊन वाड्यात घुसले. पेशव्यांचा गणेशोत्सव तेव्हा चालू होता. नारायणराव सकाळी पर्वतीला जाऊन आले होते, आणि गारद्यांत काही शिजत असल्याची कुणकुण लागल्यावरून त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करण्यास सांगितलेही होते. पण हरिपंतांनी ते काम जेवणानंतरवर टाकले. नारायणराव वामकुक्षी करीत असताना आरडाओरडा झाला. त्यांची अठरा वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती.

वसंता, येथे क्षणभर थांब आणि वेळ लक्षात घे. ही गोष्ट दुपारची आहे. त्या वेळी वाड्यात कारकून होते, आश्रित होते, स्वयंपाकी होते, दासी होत्या, उत्सवासाठी आलेले ब्राह्मण होते. तिथीही पाहा: त्रयोदशी, म्हणजे पौर्णिमा दोन दिवसांवर. अमावास्या उलटून जवळजवळ पंधरवडा झाला होता. असे असताना आपल्या दंतकथेने ही आरोळी उचलून अमावास्येच्या मध्यरात्री नेऊन ठेवली आहे (काही जण पौर्णिमा सांगतात, तेवढे ते तिथीच्या जवळ तरी आहेत). मला वाटते, या बदलाने पुण्याची मोठी सोय झाली. काळोखातील खून कोणाला दिसत नाही, त्यामुळे कोणी धावून का गेले नाही हे विचारण्याची गरज उरत नाही. भर दुपारच्या खुनाबद्दल मात्र ते विचारावे लागते. दौलतीचा मालक आपल्याच वाड्यात, आपल्याच पगारी पहारेकऱ्यांकडून, उजेडात मारला जातो आणि दरवाजे आतून बंद असल्यामुळे शहर बाहेर ताटकळत उभे राहते, या गोष्टीची भीती कोणत्याही भुतापेक्षा मला अधिक वाटते.

पुढचे तुला ठाऊकच आहे. नारायणराव पळत चुलत्यांच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारून जीव वाचवण्याची विनवणी केली. आपल्या कथेतील काका येथे दगडासारखे उभे राहतात. ग्रँट डफ या ब्रिटिश इतिहासकाराने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात मात्र चित्र निराळे आहे: दादासाहेबांनी सुमेरसिंगाला थांबण्यास सांगितले, आणि सुमेरसिंगाने उलट बजावले की मी एवढ्यावर येऊन स्वतःचा नाश करून घेणार नाही, त्याला सोडा, नाहीतर तुम्हीही त्याच्याबरोबर मराल. तेव्हा काकांनी मिठी सोडवून घेतली. मला हा काका दंतकथेतल्या काकापेक्षा अधिक खरा आणि अधिक वाईट वाटतो. कट रचायचा, तो हाताबाहेर गेला की एक शब्द बोलून पाहायचा, आणि स्वतःच्या जिवावर बेतताच बाजूला व्हायचे, असा माणूस कोणत्याही कचेरीत भेटतो. रघुनाथरावांची बायको आनंदीबाई हिने हुकमातील ‘ध’चा ‘मा’, म्हणजे ‘धरावे’चे ‘मारावे’ केले ही गोष्ट तर इतकी रुजली आहे की रघुनाथरावांचा अपराध परस्पर त्यांच्या बायकोच्या खात्यावर जमा झाला. कागदात फेरफार झाला होता असे न्यायाधीश रामशास्त्र्यांच्या चौकशीत निघाल्याचे सांगतात. तो कोणाच्या हातचा, याचा पुरावा लोकापवादापलीकडे फारसा जात नाही.

त्या दालनात आणखी एक माणूस होता, आणि तुझ्या भाच्याला काही सांगायचेच असेल तर त्याचे नाव सांग. चापाजी टिळेकर हा नारायणरावांचा सेवक हातात शस्त्र नसताना आत धावला आणि धन्याच्या अंगावर पडला. गारद्यांनी दोघांनाही एकत्र कापले. त्या दुपारी वाड्यात अकरा माणसे मेली असे वर्णन आहे. त्यांत दासीही होत्या. या सर्वांची आरोळी कोणालाही कधी ऐकू आलेली नाही. आपल्याकडे भूत होण्यासाठीसुद्धा हुद्दा लागतो की काय, असे कधी कधी मनात येते. आणि हुद्द्याचेच म्हणावे तर ज्यांचा जन्म या खुनानंतर ८ महिन्यांच्या आत, १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर झाला, ते नारायणरावांचे पुत्र सवाई माधवरावही ऑक्टोबर १७९५ मध्ये याच वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि दोन दिवसांनी वारले. वय अवघे २१. उडी घातली की तोल गेला, यावर अजून वाद होतात. बाप आणि मुलगा दोघेही एकाच वास्तूत तरुणपणी गेले, तरीही यादीकारांनी मुलाला भुताची जागा दिली नाही. त्याच्या मृत्यूला काकासारखा खलनायक नव्हता म्हणूनही असेल.

या दंतकथेचा सर्वांत जुना आणि मला सर्वांत आवडलेला भाग मात्र कोणत्याही यादीत सापडत नाही. नारायणरावांचे भूत सर्वांत जास्त कोणाला दिसले म्हणून सांगतात, तर रघुनाथरावांचे चिरंजीव दुसरे बाजीराव यांना. त्या पिशाच्चाच्या शांतीसाठी बाजीरावांनी ब्राह्मणांना दाने दिली, पुण्याच्या आसपास आंब्याची झाडे मोठ्या संख्येने लावली, तरीही ते सुटले नाहीत, अशी आख्यायिका आहे. यातील भुताबद्दल मी काही म्हणत नाही. पण बापाच्या पापातून मिळालेल्या गादीवर बसलेल्या माणसाची झोप उडावी आणि त्याने तिचा उतारा म्हणून आमराया लावाव्यात, ही कल्पना ज्या कोणाला पहिल्यांदा सुचली त्याला माणसाचे मन चांगले कळत होते. दुसरे बाजीराव शनिवारवाड्यापेक्षा शुक्रवारवाड्यात आणि विश्रामबागवाड्यात अधिक रमले, ही गोष्टही लोकांनी याच कथेला जोडली. आजचे भूत ज्याला त्याला, तिकीट काढणाऱ्यालाही, ऐकू येते; त्या वेळचे भूत ज्याच्याकडे त्याचे येणे होते त्याच्याचकडे गेले. मला जुन्या भुताची रीत अधिक योग्य वाटते.

वाड्याच्या इमारतीविषयीही थोडे सांगतो, कारण त्याशिवाय आरोळी कोठून येते हे समजणार नाही. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत केली. वरच्या मजल्यांचे काम बरेचसे लाकडाचे होते. १८१७ च्या नोव्हेंबरात वाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले, आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत महाल, दिवाणखाने, मजले सर्व जळाले. आग कित्येक दिवस धुमसत होती. आज तट आहे, बुरूज आहेत, खिळे ठोकलेला दिल्ली दरवाजा आणि त्यावरचा नगारखाना आहे. आतमध्ये जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ. ज्या दालनात नारायणरावांनी काकांना मिठी मारली ते दालन जगात राहिलेले नाही. लोक ज्या भिंतींतून आवाज घुमतो असे सांगतात त्या तटाच्या आहेत. दक्षिणेकडचा नारायण दरवाजा मात्र जागेवर आहे; नारायणरावांचा देह तेथूनच बाहेर नेला म्हणून त्याला हे नाव पडले, असे सांगतात. देह नदीकाठी नेला तो मात्र रात्री, गुपचूप. एवढ्या एका गोष्टीपुरती रात्र या कथेत खरी आहे.

तुमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला ही अशी अव्यवस्था खपली नसती. तुमच्याकडे प्रत्येक अदृश्य शक्तीची हद्द ठरलेली असते आणि तिचा मानही. आरवलीचा वेतोबा रात्री गावात फेरी घालतो म्हणून त्याला मोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात, त्या झिजतात असे मानतात, केळ्यांचे घड देतात, आणि मग भुतांचा तो अधिपती गावाचा राखणदार होऊन बसतो. आमच्या नारायणरावांना शहराने कधी एक नारळसुद्धा ठेवला नाही. तुझी आजी त्यांना कोणत्या वर्गात बसवील याचाही मी विचार केला: मुंजा म्हणावे तर लग्न झालेले, पत्नी गंगाबाई गरोदर, निपुत्रिक समंध म्हणावे तर मागे वंश राहिला. तिच्या शास्त्रात त्यांना जागाच नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, हेच काय ते त्यांच्या वाट्याला आलेले तर्पण. रघुनाथराव मात्र इंग्रजांच्या आश्रयाला गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, मराठ्यांवर एक युद्ध ओढवून घेतले आणि शेवटी १७८३ साली कोपरगावास अंथरुणावर वारले.

तुझ्या आजीचे आणखी एक मत मला पुण्याच्या यादीकारांपेक्षा शहाणपणाचे वाटते. भर दुपारी बाराच्या सुमारास एकट्याने पाणंदीतून किंवा वडाखालून जाऊ देत नाही ती; तिन्हीसांजेइतकीच ती वेळ तिच्या दृष्टीने वाईट. म्हणून भाच्याला माझा निरोप असा दे: त्याने अमावास्येची वाट पाहू नये. सुट्टी असेल त्या दिवशी दुपारी जेवण करून यावे, मी दिल्ली दरवाज्याशी असेन. आतली जोती पाहून आपण बाहेरून फिरत दक्षिणेच्या दरवाज्यापर्यंत जाऊ आणि चापाजी टिळेकराची गोष्ट मी त्याला सावकाश सांगेन. आणि रात्रीच जायचे म्हणून तो हटून बसला तर त्याला तटाबाहेर उभे राहता येईल, मात्र पहारेकऱ्याशी हुज्जत घालायची नाही, एवढे तू आधीच बजावून ठेव.

आजीला माझा नमस्कार सांग. तिच्याकडून एक गोष्ट विचारून कळव: खून झालेल्या माणसाचे भूत तुमच्याकडे मारणाऱ्याला धरते की त्याच्या मुलाबाळांना? बाजीरावांच्या आंब्यांचा हिशेब लावताना मला त्याची गरज आहे.

तुझा,
माधव