शेजारच्या काकांना, एका पुठ्ठ्याबद्दल

काका,

समोर आभार मानायला आलो की तुम्ही हात झटकून आत निघून जाता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

लॉनचं गवत कापायला बॅटरीवरचं ५३ सेंटिमीटरचं मॉवर मी जवळजवळ घेतलंच होतं. मोठं यंत्र, काम झटपट, एवढाच माझा हिशोब. तुम्ही वाद घातला नाहीत. जुन्या खोक्याचा पुठ्ठा तेवढ्याच मापाचा कापलात आणि म्हणालात, "हा लॉनवरून फिरवून आण." तिसऱ्याच फेरीला तो झाड आणि भिंतीच्या मधे अडकला. "आणि हे नुसतं पात्याचं माप हं, चाकं धरली तर आणखी रुंद." मग कात्रीने कापत कापत ३४ वर आलात, तेव्हा कुठे कुंड्यांच्या कोपऱ्यात वळता आलं.

त्याच पुठ्ठ्यावर पेन्सिलीने गणित मांडलंत. लॉन १२ बाय १०, म्हणजे १२० चौरस मीटर. फेऱ्या एकमेकींवर थोड्या चढणार, म्हणून रुंदी ३० सेंटिमीटरच धरायची. चालणं झालं ४०० मीटर. वळणं, थांबणं धरूनही पंधरा-वीस मिनिटांचं काम, आणि त्यासाठी मी तासभर चालणाऱ्या बॅटऱ्या शोधत बसलो होतो! खोक्यावर ४० व्होल्ट छापलेलं असलं तरी तो सहसा पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आकडा, चालताना ३६ च धरायचे, हेही तेव्हाच कळलं. त्याला बॅटरीच्या क्षमतेने, म्हणजे ४ अँपिअर-अवरने गुणलं की साठलेली ऊर्जा कळते, १४४ वॉट-अवर. १८ व्होल्टच्या ८ अँपिअर-अवरमध्येही तेवढीच ऊर्जा. नुसत्या व्होल्टला भुलणं तिथेच संपलं.

एक मात्र तुमचं ऐकलं नाही. एवढ्याशा लॉनला हाताने ढकलायचं, बिनमोटरचं मॉवर पुरे, असं तुमचं म्हणणं. पटतं, पण गवत गुडघ्याला लागेपर्यंत मी हलत नाही आणि तसल्या गवतात ते चालत नाही.

तो आळस नडलाच. पहिल्याच पावसानंतर ओल्या, वाढलेल्या गवतात मॉवर घातलं आणि अर्ध्यात बॅटरी संपली. तुम्ही आलात. यंत्र उलटं करून मी हात घालणार, तोच ओरडलात, "आधी बॅटरी काढ!" पात्याभोवती हिरवा लगदा घट्ट बसला होता, तुम्ही काडीने खरवडून काढलात. आता गवत सुकू देतो, पातं वर ठेवून सुरुवात करतो, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापत नाही. गरम बॅटरी लगेच चार्जरलाही लावत नाही.

दुसरी बॅटरी घेऊ दिली नाहीत, त्याऐवजी याच बॅटरीवर चालणारा, कडेचं गवत कापायचा ट्रिमर घ्यायला लावलात. भिंतीलगतची तुमच्या बाजूची कड परवा साफ दिसली असेल. ती मीच केली.

तुमचा,
भिंतीपलीकडचा