विषय: पाणी तपासणीचा निरर्थक अहवाल मागे घेऊन नमुना पुन्हा घेण्याबाबत

प्रति,
मा. तांत्रिक व्यवस्थापक,
पाणी तपासणी प्रयोगशाळा

महोदय,

आमच्या सोसायटीच्या बोअरवेलच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतो. शेजारी पेट्रोल पंप आहे, म्हणून बेंझिन, टोल्यूइन आणि शिसे तपासायला दिले. अहवालात तिन्हींसमोर 'आढळले नाही'. वास मात्र आजही येतो.

आपल्या माणसाने नमुना कसा नेला ते आम्ही पाहिले. नळाच्या फेसाळत्या धारेखाली एक लिटरची प्लास्टिकची बाटली धरली, पाऊण भरली, बूच लावले आणि मे महिन्याच्या भर दुपारी मोटारसायकलच्या डिकीत टाकली. ना बर्फ, ना आम्ल, ना बाटलीवर वेळ.

मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे हे मुकाट्याने गिळणे मला जड जाते. बेंझिन उडून जाणारे. बाटलीत हवा राहिली की ते पाण्यातून त्या हवेत जाते आणि झाकण उघडताच संपले. त्याला ४० मिलिलिटरची काचेची कुपी लागते, टेफ्लॉनच्या अस्तराचे झाकण लागते. कुपी काठोकाठ भरायची, उलटी केल्यावर बुडबुडा दिसता कामा नये, आणि ४ अंशांच्या आसपास थंड ठेवून न्यायची. शिशाला प्लास्टिक चालते, पण नायट्रिक आम्लाने सामू (पीएच) २ च्या खाली नेला नाही तर ते बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटते. प्रयोगशाळेत आल्यावर त्याच बाटलीत आम्ल घालून ती दिवसभर ठेवली असती, तरी निदान शिसे पुन्हा पाण्यात उतरले असते. तशी नोंद कुठेच नाही.

उलट 'नमुन्याची स्थिती: समाधानकारक' असा शेरा आहे. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नमुन्यात खोट दिसली तर ती नोंदवून, तपासणीआधी ग्राहकाला विचारावे लागते. आम्हाला फोनसुद्धा आला नाही. अहवालावर भरवसा ठेवून काही घरांनी ते पाणी पुन्हा प्यायला सुरुवात केली, हे जास्त गंभीर आहे.

तरी हा अहवाल लेखी मागे घ्यावा आणि नमुना विनाशुल्क पुन्हा घ्यावा. कुप्यांसोबत शुद्ध पाण्याची एक सीलबंद कुपी जाऊन-येऊन प्रवास करू द्या, म्हणजे वाटेत बाहेरून काही मिसळले का ते कळेल. नमुन्यात ठरावीक बेंझिन मिसळून त्यातले किती टक्के परत सापडते, तेही कळवा. शोधमर्यादा, म्हणजे यंत्राला ओळखता येणारे कमीत कमी प्रमाण, अहवालात छापा. जागतिक आरोग्य संघटनेची बेंझिनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. आपले यंत्र त्याखाली पाहू शकत नसेल तर पैसे परत करा, आम्ही दुसरीकडे जातो.

१५ दिवसांत उत्तर न आल्यास मान्यता देणाऱ्या संस्थेकडे आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार करू.

आपला,
सचिव, सहकारी गृहनिर्माण संस्था

सोबत: अहवालाची प्रत, पावती, नमुना घेतानाचे फोटो