'एम' म्हणजे मिली की मेगा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी सांगलीकडच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची प्रॅक्टिकल्स घेते. दुसऱ्या वर्षाची मुलं सिम्युलेशनला, म्हणजे संगणकावर सर्किट चालवून पाहायला, बसली की एक हाक ठरलेली: "मॅडम, ग्राफ चुकतोय." सर्किट साधं आरसीचं, म्हणजे एक रेझिस्टन्स आणि एक कपॅसिटर. रेझिस्टन्स एक मेगाओहम (दहा लाख ओहम), कपॅसिटर एक मायक्रोफॅरड, म्हणजे टाइम कॉन्स्टंट, व्होल्टेज किती सावकाश चढतं त्याचं माप, 1 सेकंद. व्होल्टेज सावकाश चढायला हवं, तर पडद्यावर ते भिंतीसारखं सरळ उभं! मुलाने चौकटीत एक आणि पुढे कॅपिटल एम टाइप केलेलं असतं. प्रोग्रॅमने ते 1 मिलिओहम, म्हणजे ओहमचा हजारावा भाग, धरलं. फरक 1 अब्ज पटीचा, आणि कुठे लाल रेघ नाही की सूचना नाही.

कारण जुनं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलेला 1970च्या दशकात स्पाइस हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर तयार झालं, तेव्हा माहिती पंचकार्डांवरून (भोकं पाडलेल्या कार्डांवरून) जायची आणि अक्षरं सगळी कॅपिटल; छोटा एम आणि मोठा एम वेगळे करता येत नसत. मग एम मिलीला गेला आणि मेगासाठी एम-ई-जी अशी तीन अक्षरं लिहायची ठरलं. पंचकार्डं कधीच भंगारात गेली, नियम राहिला. एफचंही तेच. सुपरकपॅसिटरच्या अंगावर '1 एफ' छापलेलं असतं, म्हणजे एक फॅरड; मुलं तसंच भरतात आणि प्रोग्रॅम ते एक फेमटोफॅरड, फॅरडचा अतिसूक्ष्म अंश, समजतो. यात मुलांचं काय चुकलं?

"मॅन्युअल वाचा," असं आमचे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात. वाचावंच. पण माउसने चित्र काढून सर्किट जोडा म्हणायचं आणि आकडा मात्र पंचकार्डाच्या शिस्तीत मागायचा, हे काही पटत नाही.

इतर सॉफ्टवेअरांत वेगळीच तऱ्हा. काहींत एककाची यादी बाजूला असते. कर्सर तिच्यावर असताना माउसचं चाक फिरलं की पिकोचं नॅनो होतं, पत्ताही लागत नाही. काहींत 0.000022 भरलं की चौकट 0.00 दाखवते. आत खरा आकडा शिल्लक आहे की गेला, देव जाणे. वर शेजारी एकेकाने वाढवायचे बाण!

मागणं फार नाही. आकडा भरला की शेजारी '1 मिलिओहम' असं पूर्ण लिहून यावं, बस. आयआयटी मुंबईच्या फॉसी या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचं ईसिम हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. त्याच्या मुळाशी एनजीस्पाइस, म्हणजे स्पाइसचाच वारसदार, आहे, तिथेही एम म्हणजे मिलीच. ही सोय पवईतच काय, आपल्या कोणत्याही कॉलेजात बसून करता येईल. शेवटच्या वर्षाला दरसाल तेच पाण्याच्या टाकीचे अलार्म करून घेण्यापेक्षा प्राध्यापकांनी दोन-चार मुलांना हा प्रोजेक्ट द्यावा.

– एक शिक्षिका, सांगली